भावाला पक्षाघात, उत्पन्नाचा दाखला ४८ हजारांचा. संजय गांधी निराधारमध्ये बसेल का?

फुलेवाडीची_शिलाई

नमस्कार. जरा मोठं लिहितेय, पण मधलं गाळलं तर प्रश्न कळणार नाही.

माझा धाकटा भाऊ, वय ४६. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत ठेकेदाराकडून मोल्डिंगला होता. मागच्या उन्हाळ्यात पहाटे उठताना उजवी बाजू गेली, वाचाही गेली. जीव वाचला तो डॉक्टरांमुळे आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे. केशरी रेशनकार्ड दाखवलं, दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्रानं कागद करून दिले, दाखल होता तोवर बिल आलं नाही. ही योजना नसती तर वहिनीच्या कानातलंसुद्धा राहिलं नसतं, हे मी मनापासून सांगते.

घरी आणल्यावर मात्र कुठलीच योजना सोबत आली नाही. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कायमच्या. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरांची फी. केएमटीच्या बसमध्ये त्याला चढवता येत नाही म्हणून रिक्षा. भाची बारावीला आहे. वहिनी चार घरची धुणीभांडी करते, महिन्याला चार हजार मिळतात. त्यावरून ४८ हजारांचा उत्पन्नाचा दाखला निघाला. आकडा खरा आहे. बाहेर बसलेला एक जण "वीस हजाराचा काढून देतो" म्हणाला होता. वहिनी म्हणाली, खोट्या कागदावर नवऱ्याचं औषध नको.

तो खरा दाखला लावून महिन्याला पंधराशे देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेत अर्ज केला, 'दुर्धर आजार' या कारणाखाली, कारण त्या यादीत पक्षाघात आहे. खिडकीवर सांगितलं, मर्यादा वर्षाला २१ हजार, तुम्ही बसत नाही. सांगणारा माणूस सौजन्यानं बोलला. त्याच्यावर माझा राग नाही.

मला कळत नाही ते पुढंच. वहिनीला लाडकी बहीणचे पंधराशे येतात. तिथं मर्यादा अडीच लाखांची आणि केशरी कार्ड पुरावा म्हणून चाललं. ते पैसे बंद व्हावेत असं मी मुळीच म्हणत नाही, त्यातूनच गोळ्या येतात. पण घर एक, चूल एक, रक्कम तेवढीच पंधराशे, आणि देणारं सरकारही तेच. बायको अडीच लाखांपर्यंत गरजू ठरते आणि ज्याला घास स्वतः तोंडात घालता येत नाही तो ४८ हजाराला सधन? वर्षाचे २१ हजार म्हणजे महिन्याचे १७५०. कोल्हापुरात एवढ्यात एका खोलीचं भाडंसुद्धा भागत नाही.

दुसरा काही मार्ग आहे का? ही मर्यादा किती वर्षं अशीच आहे? आणि सरकारी दवाखाने मोफत झाले असं ऐकलं होतं, मग काही ठिकाणी केसपेपरचे आणि तपासण्यांचे पैसे का घेतात?

जुनी_फाईल

ताई, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. संजय गांधीचं टेबल बरीच वर्षं सांभाळलं आहे.

आधी कामाचं. अर्ज 'दुर्धर आजार'मधून करू नका, 'दिव्यांग' म्हणून करा. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे. तुमचा ४८ हजारांचा दाखला त्यात बसतो. माणूस तोच आणि आजारही तोच, पण रकाना बदलला की मर्यादा बदलते. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना १५०० ऐवजी २५०० रुपये मंजूर आहेत. त्यासाठी ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागेल. अर्ज स्वावलंबन कार्डच्या संकेतस्थळावर करायचा, त्याला पैसे पडत नाहीत, मग तपासणीसाठी बोलावतात. पक्षाघातानंतर काही महिने जाऊ देऊनच टक्केवारी ठरवतात, तुमचा तो काळ उलटला असेल. उपचारांची सगळी कागदपत्रं, एमआरआय किंवा सीटी स्कॅनचा अहवाल सोबत न्या. पंधरा वर्षांच्या महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावाही काढून ठेवा. कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडीकडून येऊन इथं राबणारे पुष्कळ जण त्याच अटीवर अडतात.

आणखी एक. प्रतिज्ञापत्रासाठी स्टँपपेपर आणा म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क २००४ सालीच माफ झालं आहे.

आता तुमचा मधला प्रश्न. अनुदान ६०० रुपये होतं तेव्हा मर्यादा २१ हजार होती. २०१९ मध्ये ६०० चे १००० झाले, मर्यादा तीच. जुलै २०२३ मध्ये १००० चे १५०० झाले, तरी मर्यादा तीच. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी रोज ३१२ रुपये होती. त्या दरानं घरातल्या एकानं ६८ दिवस काम केलं की घर २१ हजारांच्या वर जातं. उरलेले दिवस ते घर काय खातं हे अर्जात कुठं विचारलेलंच नाही.

रक्कम वाढवली की ती बातमी होते, सभेत सांगता येते. मर्यादा वाढवली तर नवे लाभार्थी येतात आणि तिजोरीवर कायमचा बोजा पडतो, म्हणून तिला कोणी हात लावत नाही. माझ्या टेबलासमोर गडहिंग्लज भागातल्या देवदासी बसल्या आहेत, शेंडा पार्कच्या वसाहतीतले कुष्ठरोगातून बरे झालेले लोक बसले आहेत, कॅन्सर झालेल्या विधवा बसल्या आहेत. सगळ्यांना एकच २१ हजारांची पट्टी. मर्यादा इतकी खाली ठेवली की खरं बोलणारा बाहेर राहतो आणि वीस हजारांचा दाखला विकत घेणारा आत येतो. तुमच्या वहिनीसारखी माणसं त्यात मार खातात, आणि हे सगळ्या खात्याला माहीत आहे.

गंगावेश_रिक्षा

ताई, फुलेवाडीतनं व्यायामाला न्यायचं असंल तर मला मेसेज करा. सकाळी शाळंची पोरं सोडून मी त्या बाजूलाच असतोय. भाडं नको.

माझ्या आईला म्हाताऱ्यांच्या श्रावणबाळ योजनेचं पैसं येत्यात. आधी पोस्टात जाऊन अंगठा लावायची, आता थेट खात्यावर येतंय, ते बरं झालं. पर एकदा आधार खात्याला जोडलेलं सुटलं आन् पैसं थांबलं. ऐंशीच्या पुढची म्हातारी, तिला कुणी कळवायचं? आमच्या गल्लीत पोरगं नसलेल्या दोन म्हाताऱ्या हायत. त्येंचं पैसं थांबलं तर त्येंनी कुणाला विचारायचं?

आशा_भुदरगड

ताई, मी भुदरगड तालुक्यात आशा म्हणून काम करते. तुमचा शेवटचा प्रश्न आमच्या गावातली माणसं मलाही विचारतात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाचे दवाखाने. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, गडहिंग्लज-कोडोलीचं उपजिल्हा रुग्णालय, इचलकरंजीचं आयजीएम रुग्णालय, कसबा बावड्यातलं सेवा रुग्णालय. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती, कारण ती वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात. आपल्याकडं कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. त्यामुळं पावती फाडणाऱ्याचा यात काही दोष नाही, निर्णयच तसा आहे.

पण गावात काय होतं बघा. साधा ताप, खोकला, बीपीची गोळी मोफत मिळते. दुखणं मोठं झालं की वरून चिठ्ठी मिळते कोल्हापूरची. म्हणजे आजार वाढला, एसटीचं भाडं वाढलं, बरोबर आलेल्या माणसाची मजुरी बुडली, आणि तिथं पोचल्यावर फी सुरू. पिवळं कार्ड असलेल्यांना सवलत मिळते, ते तरी पहिल्यांदाच दाखवा असं मी सगळ्यांना सांगते. अडलं तर अशा मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटायचं. गावच्या माणसाला ते पदच माहीत नसतं.

दुसरं असं की भावाच्या बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन सेवा रुग्णालयात किंवा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात विचारा. असतील त्या फुकट मिळतील. महात्मा फुले योजनेत १ जुलै २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डधारकांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना. पक्षाघाताच्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य घरीच जातं, आणि आमच्या रजिस्टरमध्ये त्याला रकाना नाही. गरोदर बाईचा आहे, बाळाच्या लसीचा आहे, क्षयरोगाचा आहे. अंथरुणावरच्या माणसाकडं मी जाते ती माझ्या मनानं, पण नुसतं जाऊन मी त्याला देणार काय?

उद्यमनगर_हिशोब

एक महत्त्वाची गोष्ट सुटते आहे. भावाच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापत होते का? महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला, ठेकेदाराकडचा असला तरी, ते लागू असतं. (तिथं २१ हजार महिन्याचे, इथं वर्षाचे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.) दोन वर्षं विमा आणि पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर अर्धांगवायूसारख्या दीर्घ आजारात दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते, औषधोपचार वेगळे. जुनी पगारपावती शोधा, त्यावर विमा क्रमांक असतो. पावती नसेल तर फौंड्रीकडं लेखी मागा. वर्गणी भरायची जबाबदारी ठेकेदारानं टाळली तरी मूळ मालकावर येते.

फुलेवाडीची_शिलाई

सगळ्यांचे आभार. जुनी_फाईल काका, 'दिव्यांग'मधून अर्ज करायचा हे आम्हाला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं. नियम आहे, पैसे मंजूर आहेत, आणि खिडकीवर फक्त "बसत नाही" एवढंच ऐकायला मिळतं. आज वहिनीला वाचून दाखवलं. ती पगारपावत्या शोधतेय. एका पावतीवर ईएसआयचा रकाना आहे, पण आकडा पुसट झालाय. उद्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून घेते.

गंगावेश दादा, तुम्हाला मेसेज केलाय. त्या दोन आजींची आधारकार्डं आणि पासबुकं घेऊन या, आपण बँकेत जाऊ. माझ्या दुकानाला मंगळवारी सुट्टी असते.

आशाताई, तुमचं रकान्याचं वाचून मला माझ्या गल्लीतलीच पाच-सहा घरं दिसली. आमचं काम कदाचित ५० हजारांच्या मर्यादेत निघेल. पण शेजारची कॅन्सरची बाई दिव्यांगमध्ये बसणार नाही. तिचा मुलगा गुजरीत सोनाराकडं राबतो, घर २१ हजारांच्या कितीतरी वर आहे आणि केमोनंतरच्या तपासण्यांना कर्ज काढलंय. तिनं काय करायचं? काका, मर्यादा वाढवा म्हणून निवेदन द्यायचं तर ते कुणाच्या नावानं लिहायचं?

जुनी_फाईल

सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाच्या मंत्र्यांच्या नावानं, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. प्रती पालकमंत्र्यांना आणि तुमच्या आमदारांना द्या. अधिवेशनाच्या आधी द्या, म्हणजे प्रश्न विचारता येतो. मागणी एकच ठेवा, 'दुर्धर आजार आणि विधवांसाठीही किमान दिव्यांगांइतकी, ५० हजारांची मर्यादा करा'. दहा मागण्या घातल्या की एकही वाचली जात नाही. तुमच्या गल्लीतल्या घरांची खरी मिळकत आणि औषधांचा महिन्याचा खर्च एका तक्त्यात लावा, नावं न घालता. पोच घ्या, त्यावर आवक क्रमांक बघून घ्या.

त्या शेजारणीसाठी आधी मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज करून ठेवा, कॅन्सर त्यात बसतो. मसुदा मी रात्री लिहून इथंच टाकतो, आशाताईंनी दुर्गम वाड्यांचा परिच्छेद घालावा.