सावित्रीबाई: यशवंतची आई
आई समाजकार्यात पडली की मुलाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, हे काहींचं मत मला अजिबात पटत नाही. सावित्रीबाई फुल्यांकडेच बघा ना. फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणाची सोय त्यांनी आणि जोतीरावांनी स्वतःच्या घरी केली. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, वाढवला, शिकवून डॉक्टर केला. १८९७ च्या प्लेगात पुण्याबाहेरच्या माळावर यशवंत रुग्णांवर उपचार करत होता आणि त्याची आई रुग्णांना तिथवर आणत होती. मायलेक एकाच कामात! केवढा विश्वास असेल दोघांत. त्याच सेवेत लागण होऊन १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. शिक्षिका म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. यशवंतची आई म्हणून त्यांच्याविषयी फारच कमी बोललं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.