रोजचे 23 पॉइंट्स, त्यातले 8-9 उरतात, तरी वजन जागच्या जागी. सगळे खायचे का?

महालची_सूनबाई
नमस्कार, खूप दिवसांपासून विचारीन म्हणत होती. वय 41, उंची 5 फूट 2, वजन 78 होतं. माझी मोठी बहीण अमेरिकेत असते, तिनं वेट वॉचर्सचा पॉइंट्सवाला प्लॅन लावून दिला (प्रत्येक पदार्थाला पॉइंट्स असतात, दिवसाला ठरलेले तेवढेच खायचे), अॅप तिच्याच खात्यावरचं आहे. मला दिवसाचे 23 पॉइंट्स मिळतात अन् आठवड्याचे वेगळे. पहिल्या दीड महिन्यात 5 किलो कमी झालं, घरचे सगळे खूश. पण आता सात आठवडे झाले, काटा 73 वरून हलत नाई. मी तं 23 पण खात नाई, 14-15 मध्येच भागवते, आठवड्याचे पॉइंट्स तं आजवर हातही लावला नाई. रात्री झोपताना अॅपमध्ये 8-9 उरलेले दिसले का बरं वाटते, आजचा दिवस चांगला गेला असं वाटते. आता दुपारी तीनच्या पुढं डोकं जड होते, ऑफिसचे दोन जिने चढले का धाप लागते, अन् केस इतके गळून राहिले का न्हाणीघराच्या जाळीत रोज गुंता सापडतो. बहीण म्हणते सगळे पॉइंट्स खा. मला भीती वाटते, खाल्लं अन् पुन्हा 78 झालं तं? कोणी केलं असेल तं खरं खरं सांगा.

मनीषनगर_रिटर्न
ताई, तुमची बहीण बरोबर सांगून राहिली. मी 2018 ला न्यू जर्सीत एडिसनला होती तेव्हा हेच वेट वॉचर्स केलं आहे, तेव्हाचा त्यांचा फ्रीस्टाइल प्लॅन, त्यात 23 हा कमीत कमी आकडा होता. म्हणजे त्याच्या खाली कोणालाच देत नव्हते, कितीही बारीक व्हायचं असलं तरी. तुम्हाला मिळालेले 23 म्हणजे आधीच तळ आहे, अन् तुम्ही तळ खरवडून राहिल्या.

मीटिंगमध्ये मला एक गोष्ट खूप उशिरा समजली ती सांगते. ते 23 पॉइंट्स म्हणजे दिवसभराचं पूर्ण जेवण नव्हतंच. त्या प्लॅनमध्ये दोनशेच्या वर पदार्थ शून्य पॉइंटचे होते, अंडी, मासे, कातडी काढलेलं चिकन ब्रेस्ट, डाळी, राजमा, चणे, बिनफॅटचं दही, बहुतेक भाज्या, फळं. ते तुम्ही पोटभर खाणार असं धरूनच 23 चा आकडा काढलेला. शून्य पॉइंट म्हणजे शून्य कॅलरी नाही. मोजत बसू नका अन् खा, एवढाच त्याचा अर्थ. आता तुम्ही शून्यवाल्या गोष्टी पण कमी खात असाल अन् वरून 23 चे 14 केले असतील तर पोटात जाते तरी काय? दिवसाला नेमकं काय खाता ते लिहा ना, सकाळपासून. अन् एक, प्लॅन दर काही वर्षांनी बदलतो, 2010 नंतरच्या प्लॅनमध्ये फळं शून्य होती पण डाळींना पॉइंट्स लागायचे, म्हणून तुमच्या अॅपमध्ये आज काय शून्य दाखवते ते पाहूनच चाला, माझ्या आठवणीवर नको.

महालची_सूनबाई
लिहिते. सकाळी बिनसाखरेचा चहा. दहा वाजता काही नाई, कारण सगळ्यांचे डबे करण्यात जाते. दीड वाजता एक पोळी अन् अर्धी वाटी भाजी. पाचला चहा, दोन मारी बिस्किटं. रात्री एक पोळी, काकडी, कधी नुसतं सूप. वरण मी बंदच केलं, कारण आमच्याकडे वरणाला फोडणी असते अन् वरून तूप. भात तं चार महिन्यांपासून नाई.

अन् एक गोष्ट कोणालाच सांगितली नाई ती लिहिते. आठवड्यातून तीन-चारदा रात्री साडेअकरा-बाराला उठते. स्वयंपाकघरातला लाइट लावत नाई. चिवड्याच्या डब्याचं झाकण आवाज होऊ नये म्हणून पोटाशी धरून उघडते अन् उभ्या उभ्या मुठी भरून खाते, कधी चिवडा, कधी फल्लीदाणे अन् गूळ. ते अॅपमध्ये टाकत नाई. सकाळी इतका राग येतो स्वतःचा का त्या दिवशी अजून कमी खाते.

मनीषनगर_रिटर्न
ताई, लिहिलं ते फार चांगलं केलं. आता स्वतःवरचा राग आधी सोडा, तो चिवडा तुमची भूक खाऊन राहिली. दिवसभर पोटाला चिमटा काढला तर रात्री शरीर वसूल करते, हे तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. अन् वजन का थांबलं त्याचं उत्तर पण बरंचसं तिथंच आहे. चार मुठी चिवडा, दोन मुठी फल्लीदाणे अन् गुळाचा खडा म्हणजे पाचशे-सहाशे कॅलरी आरामात होतात, आठवड्यातून चारदा. दिवसा वाचवलेलं सगळं रात्री तिकडं जाते, अन् दिवसाची कमजोरी मात्र तशीच राहते.

तुम्ही लिहिलेलं दिवसाचं खाणं हजार कॅलरीच्या खूप खाली आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या 55 किलोच्या बाईला दिवसाला 1660 धरले आहेत. वजन उतरवायला त्यातून थोडं कमी करायचं, अर्ध्याहून जास्त कापायचं नाही. प्रोटीन तिला 46 ग्रॅमच्या आसपास लागते, तुमच्या ताटात पंधरा पण मुश्किलीनं असेल.

वरण सुरू करा, आजच. गंजात सगळ्यांसाठी डाळ शिजते ना, फोडणी द्यायच्या आधी दोन वाट्या साधं वरण आपलं वेगळं काढून ठेवा, हळद-मीठ-हिंग, वरून लिंबू अन् बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. डाळ शून्यच राहते, पॉइंट्स फोडणीच्या तेलाचे लागतात. अन् तेल पण बंद नका करू, चहाच्या एका चमच्याचे साधारण 45 कॅलरी होतात, ते मोजून घ्या अन् खा, त्याचसाठी पॉइंट्स दिले आहेत.

सदर_ते_हिंगणा
बाकी सगळं ताईंनी सांगितलंच, मी पुरुष माणूस, 96 वरून 84 वर आलो याच पद्धतीनं, दोन वर्षं लागली. मला तर्री पोहा सोडवत नव्हता, ऑफिसला जाताना रोजचा. मग ठेल्यावाल्याला सांगायला लागलो, भाऊ पोहे अर्धे, चणे दुप्पट अन् वरची लाल तर्री बाजूला सारून खालचा रस्सा दे. पॉइंट्स लागतात ते पोह्याला अन् तेलाला, चणे शून्यात. दुपारी बारापर्यंत भूक लागत नाही. संत्र्याचं पण तसंच, दोन संत्री सोलून खाल्ली तर शून्य, त्याच संत्र्याचा ज्यूस प्याला तर पॉइंट्स लागतात, कारण चोथा गेला अन् ग्लासात चार संत्र्यांची साखर आली. हिवाळ्यात मी तर तुरीचे सोले अन् उकडलेल्या पोपटीच्या शेंगांवरच असतो. सावजीला (झणझणीत रश्श्याच्या हॉटेलात) महिन्यातून एकदा जातो, आठवड्याचे पॉइंट्स त्यासाठीच ठेवतो अन् मोकळ्या मनानं खातो.

लॅबवाली_प्रतापनगर
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, पण केस अन् धाप वाचून राहवलं नाही. एकदम खाणं तोडलं की केस गळणं दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं, त्या वेळी नाही, म्हणून बायांना दोन्हीचा संबंध लागत नाही. तुमचा हिशोब तसाच बसतोय. पण जिना चढताना धाप लागते म्हणता, त्याला खाण्यावर ढकलून मोकळं होऊ नका, या आठवड्यात डॉक्टरकडे जा, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी 12 अन् थायरॉइड ते करायला सांगतीलच. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे अॅनिमिया. शुगरची गोळी सुरू असेल तर जेवण चुकवणं अजूनच वाईट, काही गोळ्यांनी शुगर एकदम खाली जाऊ शकते. अन् फार झपाट्यानं वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते, हे पण कोणी सांगत नाही. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी खूप आहे.

आणखी एक, राग नका मानू. सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर तुमच्या नाश्त्याला वेळ नाही असं तुम्ही किती सहज लिहिलं. आमच्याकडे येणाऱ्या बायांचे रिपोर्ट मी रोज पाहते, घरात दूध, अंडी, फळं सगळं असते अन् हिचं हिमोग्लोबिन आठ. डबे भरताना पाचवा डबा आपला भरा, आधी भरा.

महालची_सूनबाई
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, वाचता वाचता रडू आलं. शुगर नाई मला. डॉक्टरची वेळ शुक्रवारची घेतली. काल रात्री वरण काढलं वेगळं, दोन वाट्या, एक भाकर, मेथीची भाजी, अन् घरचं दही. हिशोब केला तं दिवसाचे 21 झाले, तरी हात कापत होते अॅपमध्ये टाकताना. रात्री उठली नाई. एक विचारायचं राहिलं, आठवड्याचे पॉइंट्स नाई वापरले तं पुढच्या आठवड्यात जमा होतात का?

मनीषनगर_रिटर्न
नाही ताई, जमा होत नाहीत. फ्रीस्टाइलमध्ये दिवसाचे उरलेले जास्तीत जास्त चार तेवढे त्या आठवड्याच्या खात्यात जायचे, आठवडा संपला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. अन् पहिले आठ-दहा दिवस काटा अर्धा-एक किलो वर जाऊ शकतो, पाणी अन् पोटातलं अन्न असते ते. त्या दिवसात रोज वजन करू नका. काटा पलंगाखाली सरकवून द्या अन् शुक्रवारी डॉक्टर काय म्हणतात ते इथं लिहा.