रोजचा पेढा आणि "काही होत नाही"

टेकडीवरची सकाळ
काल आमच्या कुत्रेवाल्या मंडळींत एका गृहस्थांनी फोटो टाकला. लॅब्रॅडॉरचा वाढदिवस, ताटात पाव किलो पेढे, खाली ओळ: "डॉक्टरांची फॅडं आहेत सगळी. आमचा सहा वर्षं रोज पेढा खातो, काही होत नाही." त्यावर लोकांचे भराभर बदाम. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून लांब लिहितेय.

माझी चिंगी, बीगल, 11 किलो. दोन वर्षांपूर्वी गौरीजेवणाला घरात सोळा पाहुणे. ती पानापानाशी फिरली आणि प्रत्येकाने प्रेमाने पुरणपोळीचा एकेक घास दिला, वर तूप. एकट्याने कुणीच जास्त दिलं नाही. पहाटे उलट्या सुरू झाल्या. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून ती उभी राहायची आणि मी म्हणत होते, आळस देतेय. ते पोटदुखीचं लक्षण असतं हे मला दवाखान्यात कळलं. स्वादुपिंडाला सूज. चार दिवस सलाईन.

माणूस 70 किलोचा, पग 7 किलोचा. त्याचा एक पेढा म्हणजे तुमचे दहा. रोज दहा पेढे खाता का?

पेठेतला जुना
ताई, चिंगीचं वाईट वाटलं. पण आमच्या वाड्यातला मोत्या 14 वर्षं जगला. सकाळी शिळी भाकरी, दुपारी दूधपोळी, संक्रांतीला गुळाची पोळी, दिवाळीत करंजी. सलाईन काय, त्याने सुईसुद्धा पाहिली नाही. हल्ली पोत्यातला महागडा खाऊ खपायला हवा म्हणून घरचं अन्न वाईट ठरवतात. कुत्रं हजारो वर्षं आपल्या उष्ट्यावर वाढलंय.

कर्वेनगर, दुसरा मजला
काका, उष्ट्यावर वाढलंय हे खरंच. लांडग्यापेक्षा कुत्र्याला पिष्ट चांगलं पचतं, 2013 साली 'नेचर'मध्ये त्यावर संशोधनही आलं. पण म्हणून भाकरीच्या आडून पेढा आत आणू नका. माझी बहीण प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, दिवाळीनंतरची गर्दी ती सांगते तेव्हा अंगावर काटा येतो.

आणि ताई, तुमच्या बाजूचे लोकही चुकीचं सांगतात. "साखर दिली की कुत्र्याला मधुमेह होतो" हे इतकं सरळ नाही. कुत्र्यांचा मधुमेह बहुतेक वेळा इन्शुलिनच न बनण्याचा असतो. वाढलेलं वजन आणि वरचेवर सुजणारं स्वादुपिंड मात्र त्याला हातभार लावतं, आणि एकदा झाला की मोतीबिंदू अगदी सर्रास. मिठाईत साखरेइतकाच, किंबहुना जास्त, घात खव्यातुपाचा. त्याहून भीती पुढच्यांची: सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे (मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कितीने बाधेल ते आधी सांगता येत नाही), चॉकलेट बर्फीतला कोको, आणि झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ. शुगर फ्री च्युइंगगमच्या पाकिटावर हा शब्द वाचा. कुत्र्याच्या पोटात गेलं की इन्शुलिन उसळतं, तासाभरात रक्तातली साखर कोसळते. तेव्हा "बिनसाखरेचं आहे, दे त्याला" हे सगळ्यात धोक्याचं.

सिंहगड रोडचा रहिवासी
घरातल्यांचं चाललंय ते चालू द्या. रस्त्यावरच्यांना रोज संध्याकाळी पुडेच्या पुडे ग्लुकोज बिस्किटं फोडतात त्याचं काय? मैदा, साखर, तेल. आमच्या जिन्यात सात कुत्री बसतात. माझी आई 72 वर्षांची, गेल्या महिन्यात एक अंगावर धावलं म्हणून पायरीवर पडली. खायला घालणाऱ्या बाई मात्र पुण्य मिळवून घरी.

बिस्किटवाली
त्या बाई मी असेन किंवा माझ्यासारखी कुणी. पुण्य मिळवायला नाही येत. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या नऊ कुत्र्यांची नसबंदी झाली, ती माझ्या हाकेला येतात म्हणून पकडता आली. तुम्ही किती पकडलीत?

सिंहगड रोडचा रहिवासी
मी माझ्या आईला पकडलं, जिन्यात. भटक्या कुत्र्यांबद्दलचे 2023 चे सरकारी नियम तुम्हीच वाचून दाखवता ना? त्यात जागा ठरवून द्यायला सांगितलंय, आणि ती जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून, मुलं खेळतात तिथून लांब. ते पान तेवढं चिकटलंय का?

बिस्किटवाली
जागा सोसायटीने ठरवायची आहे. दोनदा अर्ज दिला. उत्तर नाही. उलट माझ्या गाडीवर ओरखडे.

टेकडीवरची सकाळ
अहो, मी पेढ्याबद्दल लिहिलं होतं! पण आलाच आहात तर सांगते. बिस्किटवाल्या ताई, तुमची तळमळ दिसते, बिस्कीट मात्र सोडा. उपाशी कुत्र्याला त्यातून पोषण फारसं मिळत नाही. भात आणि उकडलेलं अंडं द्या, मीठमसाला नको, कांदालसूण तर अजिबात नको.

बिस्किटवाली
चाळीस कुत्र्यांना रोज अंडी? पैसे तुम्ही देणार? दहा रुपयांत जे पोट भरतं ते भरते. तरी... पिल्लांची पोटं बिघडतात हे मान्य. त्यांच्यापुरता भात शिजवीन.

पेठेतला जुना
मघापासून वाचतोय. मोत्याबद्दल एक राहिलं. शेवटच्या दोन वर्षांत त्याचे डोळे पांढरे झाले होते, पाणी फार प्यायचा, अंगणात सारखा मुतायचा. आम्ही म्हटलं म्हातारपण. हिच्याकडून ओरडा खायचा बिचारा. आता ही मोतीबिंदूची ओळ वाचून मी चष्मा काढून ठेवला. दाखवायला हवा होता.

नातवाच्या कुत्रीला पेढा बंद करतो. भाकरी नाही बंद करणार, त्यात मला कुणी शिकवू नये.

कर्वेनगर, दुसरा मजला
काका, भाकरीच्या तुकड्याला कुणाचीच ना नाही. तूप तेवढं लावू नका. आणि मोत्याला 14 वर्षं सांभाळलंत तुम्ही.

सिंहगड रोडचा रहिवासी
अर्ज कुणाकडे दिला होता ते सांगा. मी समितीवर नाही, पण रविवारी बैठकीला जाणार आहे. पंपाच्या खोलीमागे जागा आहे. जिन्यात एक जरी पुडा फुटला तरी मी पुन्हा बोलणार.

बिस्किटवाली
सचिवांकडे, दोन्ही वेळा. पोच आहे माझ्याकडे. रविवारी घेऊन येते.