शेतात उभी असलेली ट्रॉली चोरीपासून कशी वाचवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही वाळवा तालुक्यातले. ऊस वाहतुकीच्या दोन ट्रॉल्या आहेत. हंगाम संपला की पुढचा गळीत सुरू होईपर्यंत, म्हणजे जवळपास सहा महिने, त्या मळ्यातच उभ्या असतात. वस्ती तिथून लांब. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातून रात्रीत एक ट्रॉली गेली, तेव्हापासून वडिलांना झोप नाही.

ट्रॅक्टरला निदान चावी तरी असते. ट्रॉलीला काय? कुणीही आपला ट्रॅक्टर लावावा, पिन घालावी आणि न्यावी. साखळीने दोन्ही ट्रॉल्या एकमेकींना बांधल्यात, पण कटरपुढे साखळी किती टिकणार! चाकं काढून ठेवावीत म्हटलं तर दरवेळी जॅक, ठोकळे, अंगमेहनत.

जीपीएस बसवायचा विचार आहे. अडचण अशी की साधा ट्रॅकर गाडीच्या बॅटरीवर चालतो आणि ट्रॉलीला बॅटरीच नसते. स्वतःची बॅटरी असलेला कुणी वापरलाय का? चार्जिंग खरंच किती दिवस पुरतं? भाचा एअरटॅग (ॲपलचा छोटा ट्रॅकर) म्हणतोय, पण त्याला ठिकाण कळवायला आसपास आयफोन लागतात. आमच्या उसात ते कुठून येणार?

हुकात बसणारं लॉक गावच्या वेल्डरकडून कुणी करून घेतलं असेल तर फोटो टाका. चेसीवर आतल्या बाजूला नाव वेल्ड करून घेतोच आहे, म्हणजे नंबर प्लेट बदलली तरी ओळख पटेल. विमा चालू आहे, पण चोरीचा क्लेम कुणाला प्रत्यक्षात मिळालाय का? कागद कोणते लागले?