सोयाबीनचे जिवाणू अंतराळात वाढवायला पाठवावेत का?

देवगिरीकर
गावच्या ग्रुपवर एक ढकलपत्र फिरतंय, ‘अंतराळ स्थानकात महाजंतू तयार झाला, खाली आला तर औषध नाही.’ मूळ गोष्ट अशी : २०२४ साली नासाची जेपीएल ही प्रयोगशाळा आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून स्थानकावर सापडलेल्या एंटरोबॅक्टर बुगांडेन्सिस या जिवाणूचे १३ स्ट्रेन (उपप्रकार) तपासले. ते अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत आणि पृथ्वीवरच्या भाऊबंदांपेक्षा जनुकांनी वेगळे निघाले.

लोक घाबरले, मला मात्र उलटं सुचलं. वर जाऊन जिवाणू बदलत असेल तर ते आपण कामाला का लावू नये? २०३५ पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक उभं करायचं ठरलंय. त्यातला एक कोपरा सोयाबीनच्या जिवाणूला द्या, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूला. आपल्याकडे पेरणीआधी बियाण्याला याच जिवाणूंचं संवर्धक चोळायचं, मग पाऊस दडी मारतो आणि तापलेल्या जमिनीत जिवाणू मरतात. वर किरणांच्या माऱ्यात हजारो पिढ्या वाढवले तर एखादा चिवट स्ट्रेन निघेलच की. बोला.

नांदेडची सूक्ष्मजीवी
दोन गोष्टींची गल्लत होतेय. जनुक बदलणं वेगळं, आणि आहे तेच जनुक कमीजास्त चालणं वेगळं. २००६ मध्ये अटलांटिस यानातून साल्मोनेला हा रोगजंतू नेला होता. परत आणून उंदरांना दिला तर तो जास्त घातक ठरला. १६७ जनुकांच्या कामाची पातळी बदललेली होती आणि त्यामागे एचएफक्यू नावाचं एक नियंत्रक प्रथिन होतं. डीएनएची अक्षरं बदलून हे झालं नव्हतं. वजनच नाही म्हटल्यावर पेशी तळाला बसत नाहीत, भोवतालचा द्रव आपोआप ढवळला जात नाही, टाकाऊ पदार्थ पेशीभोवतीच रेंगाळतात. जिवाणू त्या परिस्थितीला उत्तर देतो. खाली आल्यावर परिस्थिती बदलली की उत्तरही बदलणार. ते बियाण्याबरोबर शेतापर्यंत कसं पोचेल?

आणि बुगांडेन्सिस आधी टांझानियातल्या रुग्णालयात नवजात बाळांच्या रक्तात सापडलेला आहे. स्थानकावर तो माणसांबरोबर किंवा सामानाबरोबरच गेला असणार. त्याचा हट्टीपणा वर जाऊन आला की आधीपासून होता, हे वेगळं काढणं सोपं नाही.

परभणीचा बांध
ताई बराबर सांगायल्या. आमच्याकडं संवर्धकाचं पाकीट दुकानात पत्र्याखाली पडलेलं असतंय. जिवाणू तिथंच मरायलेत. अंतराळाचं नंतर बगू, आधी ते सावलीत ठेवा म्हणावं.

देवगिरीकर
@परभणीचा बांध, हे शंभर टक्के मान्य. पण म्हणूनच उष्णता सोसणारा स्ट्रेन पाहिजे ना!

@नांदेड, साल्मोनेलाचा प्रयोग थोड्या दिवसांचा होता. मी लांब पल्ल्याचं बोलतोय. ह्यूस्टन विद्यापीठाने ई. कोलाय जिवाणू १००० पिढ्या सूक्ष्मगुरुत्वात (जवळपास वजनरहित अवस्थेत) वाढवला, २०१७ चा पेपर आहे. १६ उत्परिवर्तनं सापडली. मूळ स्ट्रेनशी स्पर्धा लावली तर बदललेला पुढे गेला, आणि मधे काही पिढ्या साध्या परिस्थितीत वाढवल्यावरही ती आघाडी बरीचशी टिकली. म्हणजे बदल डीएनएत मुरला.

लातूरचा फिजिक्सवाला
तो प्रयोग नीट वाचा. सूक्ष्मगुरुत्व ‘नकली’ होतं. पृथ्वीवरच, फिरत्या भांड्यात. ई. कोलाय कुठेही गेला नव्हता. तुमचा सगळ्यात भक्कम पुरावाच सांगतो की हे काम जमिनीवर होतं.

किरणांचंही बघा. स्थानकाच्या आत दिवसाला साधारण अर्धा ते एक मिलिसिव्हर्ट डोस मिळतो. माणसासाठी ती काळजीची गोष्ट. जिवाणूचा हिशेब निराळा : डायनोकोकस रेडिओड्युरान्स हा जिवाणू ५००० ग्रे इतका किरणांचा डोस सहज पचवतो. एककं वेगळी असली तरी तफावत कितीतरी लाखपटीची आहे. सोयाबीनचा जिवाणू एवढा दणकट नाही, पण आतल्या किरणांनी त्याच्यात धडाधड उत्परिवर्तनं होतील हे विसरा. तेच हवं असेल तर किरणं सोडणारं कोबाल्ट ६० आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणं वापरून भुईमुगाचे टॅग २४ सारखे वाण दिलेत, रॉकेटशिवाय.

देवगिरीकर
आत कमी, पण बाहेर? जपानच्या तानपोपो प्रयोगात डायनोकोकस स्थानकाबाहेर ३ वर्षं उघडा ठेवला होता. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड थरातले जगले.

नांदेडची सूक्ष्मजीवी
जगले, कारण वरच्या मेलेल्या पेशींनी खालच्यांना अतिनील किरणांपासून झाकलं. शिवाय त्या वाळवलेल्या पेशी होत्या. वाळलेली पेशी विभागत नाही. पिढ्या नाहीत म्हणजे निवड नाही, उत्क्रांतीही नाही. तुम्हाला बाहेरची किरणं आणि आतली वाढ दोन्ही एकाच वेळी हवीय. ते तिथे मिळत नाही.

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. जिवाणू शिकतो ते समोरच्या परिस्थितीचं. वर नेमक्या तापमानाला, आयत्या खाद्यावर वाढवला तर आयतं खायला पटाईत होईल. भेगाळलेल्या जमिनीतली उष्णता त्याला कुठे दिसली? उलट पीक समोर नसताना गाठी करण्याची क्षमता निसटण्याची भीती. रायझोबियम या गाठी करणाऱ्या जिवाणूच्या कित्येक जातींत ती जनुकं प्लाझ्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या तुकड्यावर) असतात आणि उष्ण तापमानात वाढवत राहिलं की प्लाझ्मिड गळतं.

देवगिरीकर
सोयाबीनवरच्या ब्रॅडीरायझोबियममध्ये ती मुख्य गुणसूत्रावर असतात. इतकी सहज गळणार नाहीत.

नांदेडची सूक्ष्मजीवी
मुद्दा बरोबर. पण उपयोग नसलेलं जनुक बिघडलं तर ते सुधारायचा दबावही नसतो. गुणसूत्रावर असलं तरी.

औंढ्याचा पोरगा
आमच्याकडं लायगो, ती गुरुत्वलहरींची वेधशाळा, येणार हाय, जिवाणू बी इकडंच पाठवा 😄

देवगिरीकर
चेष्टा पुरे. किरणांचा मुद्दा सोडतो, सूक्ष्मगुरुत्वाचा नाही. फिरतं भांडं म्हणजे नक्कल. पेशीवरचं गुरुत्व कुठे जात नाही, फक्त दिशा फिरत राहते. मुळाशी जिवाणू चिकटतो, गाठ धरतो, त्यात गुरुत्वाचा हात किती, हे वर गेल्याशिवाय कळायचं नाही. २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्लांनी मूग आणि मेथीला तिथे मोड आणले. पुढची पायरी मुळांवरच्या गाठींची का नको?

लातूरचा फिजिक्सवाला
आता तुम्ही वेगळा प्रयोग मांडताय. हा पटतो. चिवट स्ट्रेनचा नाही.

नांदेडची सूक्ष्मजीवी
मलाही. चिवट स्ट्रेनसाठी तीन संच खालीच लावा : एक नेहमीच्या तापमानाला, एक ४० अंशांच्या आसपास, एक फिरत्या भांड्यात. दर काही पिढ्यांनी सोयाबीनच्या रोपावर घालून गाठी मोजायच्या आणि मूळ स्ट्रेन उणे ८० अंशांवर जपून ठेवायचा, नाहीतर तुलना कशाशी करणार? एवढं कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतही होण्यासारखं आहे.

परभणीचा बांध
गाठी मोजायला आमचं रान घ्या. फकस्त पेरणीच्या आठवड्यात येऊ नका.