विंडोज ११ इन्स्टॉल करताना एसएसडी दिसत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. धाकट्या बहिणीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ नव्याने इन्स्टॉल करायचे आहे, परंतु डिस्क निवडण्याच्या टप्प्यावर यादी पूर्ण रिकामी येते. लॅपटॉपमध्ये इंटेलचा ११व्या पिढीचा प्रोसेसर आणि ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान प्रकारची साठवण डिस्क) असून बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) ती नावासकट दिसते, शिवाय जुने विंडोज अजूनही तिच्यावरून सुरू होते. म्हणजे एसएसडी धडधाकट आहे.

बायोसमध्ये व्हीएमडी (एसएसडीचा ताबा घेणारी इंटेलची सोय; तिच्या ड्रायव्हरशिवाय इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही) चालू असल्यामुळे इन्स्टॉलरला इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर द्यावा लागेल, हे उघड आहे. ‘लोड ड्रायव्हर’ला सेटअपची एक्सई फाइल चालत नाही, म्हणून आयएनएफ फाइल (ड्रायव्हरची माहिती देणारी फाइल) असलेले फोल्डरच पेनड्राइव्हवर ठेवले, तरीही सुसंगत ड्रायव्हर सापडत नाही. ११व्या पिढीसाठी ड्रायव्हरची नेमकी कोणती आवृत्ती घ्यावी?

व्हीएमडी बंद करण्याचा सोपा मार्ग मला तूर्त नको आहे, कारण तसे केल्यास जुने विंडोज बहुधा सुरू होणार नाही आणि बहिणीच्या प्रबंधाच्या फायली अजून त्यातच आहेत. त्या बाहेर काढल्यानंतर व्हीएमडी बंद करून कोरे इन्स्टॉलेशन केले, तर बॅटरीवर किंवा वेगावर काही परिणाम होतो का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.