प्रोग्रामर मंडळी, तुमचं डोकं कशाकशाने फिरतं? (अनुभव धागा)

सेमीकोलन_ताई (धागाकर्ती)

२०२५ च्या जूनमध्ये '१६ अब्ज पासवर्ड लीक' ही बातमी सगळीकडे झळकली होती, आठवत असेल. आमच्या सासरेबुवांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि मग "तुमच्या क्षेत्रात चाललंय काय?" म्हणून मलाच धारेवर धरलं. आता ती काही कुठल्या एका कंपनीवर पडलेली नवी धाड नव्हती, लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेल्या चोरट्या प्रोग्रामांनी वेळोवेळी गोळा केलेल्या याद्या होत्या, बऱ्याच याद्यांत तीच तीच नावं पुन्हा, आणि सगळ्यांची बेरीज मारून तो आकडा. पासवर्ड बदला, टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय दुसरी खातरजमा) लावा ही कामाची ओळ बातमीत सगळ्यात खाली.

तर असं काहीही लिहा. बातम्या, नेटवर्क, प्रोटोकॉल, 'नवीन व्हर्जन आलंय' वाली प्रगती, ज्या ज्या गोष्टीने तुम्ही स्क्रीनसमोर एकटेच बडबडलात ती. फक्त कंपनीची, क्लायंटची नावं नको, उगाच कुणाची नोकरी जायची.

पॅकेटपंत

माझं प्रकरण नेटवर्कमधलं आहे आणि जरा लांबेल, आधीच सांगतो.

लॉकडाऊनमध्ये आम्ही गावी येऊन राहिलो, तिथल्या केबलवाल्याकडून फायबर घेतलं. स्पीड टेस्ट झकास, व्हिडिओ कॉल झकास. ऑफिसच्या सर्व्हरला एसएसएच केलं (दूरच्या मशिनवर कमांड देण्यासाठी जोडलं) की लॉगिन होतं, प्रॉम्प्ट येतो, पीडब्ल्यूडी (मी कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगणारी कमांड) मारलं की उत्तर येतं, आणि लॉगच्या फोल्डरमध्ये जाऊन एलएस (फायलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं की स्क्रीन गोठते. कनेक्शन तुटत नाही, एरर येत नाही, नुसता कर्सर लुकलुकतोय. दोन-चार फायली असलेल्या फोल्डरला हेच एलएस व्यवस्थित चालतं. फाइल पाठवता येते, आणता येत नाही. टीममधल्या लोकांना सांगितलं तर म्हणाले तुझ्या गावचं नेट स्लो असेल. अरे स्लो नाहीये ते!

शेवटी पिंग (चाचणीचं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघणारी कमांड) घेऊन बसलो, 'तुकडे करू नको' हा फ्लॅग लावून साइज वाढवत गेलो. १४६४ बाइटला उत्तर येतं, १४६५ ला घरचा राउटरच सांगतो की तुकडे केल्याशिवाय जाणार नाही. १४६४ मध्ये हेडरचे २८ मिळवा, झाले १४९२. म्हणजे केबलवाला पीपीपीओई (ग्राहकाला लॉगिन करून नेटला जोडायची पद्धत) वापरतो आणि इथरनेटच्या एका पॅकेटच्या १५०० बाइटच्या मर्यादेतले ८ बाइट त्यात जातात. हे अगदी नॉर्मल आहे, त्याची काही चूक नाही. पण ऑफिसचा सर्व्हर पाठवणार १५०० चं पॅकेट, ते केबलवाल्याच्या टोकाला मावत नाही, मग तिथला राउटर आयसीएमपीने (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायचा प्रोटोकॉल) निरोप धाडतो की १४९२ च्या आत पाठव, आणि हा निरोप ऑफिसच्या फायरवॉलवर मरतो कारण कुणीतरी 'सिक्युरिटी'च्या नावाखाली सगळंच आयसीएमपी बंद करून ठेवलंय. सर्व्हर बिचारा तेच पॅकेट परत परत पाठवत बसतो. छोटी उत्तरं एका लहान पॅकेटात मावतात म्हणून लॉगिन होतं, मोठी यादी आली की बोंब.

चीड याची येते की निरोपावरून साइज ठरवायची ही पद्धत आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे जाहीर दस्तऐवज) ११९१ मध्ये १९९० साली लिहिलेली आहे आणि असं फायरवॉल लावलं की ती कशी झोपते हेही २००० सालच्या आरएफसी २९२३ मध्ये स्वच्छ लिहिलंय. मी घरच्या राउटरवर एमएसएस (एका पॅकेटात जास्तीत जास्त किती डेटा) १४५२ ला क्लॅम्प केला, म्हणजे त्याच्या वर जाऊच दिला नाही, एका ओळीत काम झालं. ऑफिसच्या फायरवॉलसाठी टाकलेलं तिकीट मी कंपनी सोडली तेव्हाही 'अंडर रिव्ह्यू'च होतं.

भेदक_बग

पंत, सगळं आयसीएमपी बंद करणारे लोक प्रत्येक कंपनीत एक तरी असतात आणि ते नेहमी मीटिंगमध्येच असतात.

रविवारचा_ऑनकॉल

१ जुलै २०१२, रविवार. आदल्या दिवशी आषाढी, घरात सगळे उपास सोडायच्या तयारीत आणि पहाटे साडेपाचला माझा फोन वाजायला लागला. जावाचे सर्व्हर एकामागून एक सीपीयू शंभर टक्क्यांवर. ट्रॅफिक नाही, डिप्लॉयमेंट (नवा कोड चढवणं) नाही, शनिवारी कुणी कशाला हात लावलेला नाही. रिस्टार्ट केलं तरी प्रोसेस उठते आणि परत शंभर.

तर झालं असं होतं की पृथ्वी जरा हळू फिरते म्हणून घड्याळात एक सेकंद वाढवला होता. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे साडेपाच. तो जादा सेकंद घालताना लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) टायमरचा हिशोब चुकला, आणि थोडा वेळ झोपून परत उठणारे जेवढे म्हणून थ्रेड (प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामं) होते ते झोपायचे सोडून गरगर फिरत राहिले. इलाज काय, तर डेट कमांडने आत्ताचीच वेळ परत सेट करायची. बस. तारीख आहे तीच, वेळ आहे तीच, पण सेट केली की सीपीयू खाली. मॅनेजरला फोनवर हे समजावताना मला स्वतःलाच ते जादूटोण्यासारखं वाटत होतं, तो म्हणाला "रूट कॉज मेलवर लिही", मी लिहिलं "पृथ्वी".

पेपरात त्या दिवशी काय होतं? 'आज एक सेकंद जास्त जगा' टाइपचं कायतरी गोड गोड. सर्व्हरचा स पण नाही. १९७२ पासून असे २७ सेकंद घातलेत, शेवटचा २०१६ च्या ३१ डिसेंबरला, आणि २०२२ मध्ये ठरलं की २०३५ पर्यंत हा प्रकार बंद करायचा. तोवर मी रिटायर होईन.

मिरजकर

बातम्यांचा विषय निघालाय तर ऑक्टोबर २०१८ विसरून कसं चालेल! 'जगभरातलं इंटरनेट ४८ तास बंद राहणार'. आमच्या मावशीने शेजारच्या बायकांना घेऊन एटीएमच्या रांगेत नंबर लावला होता. माझा फोन सकाळपासून वाजतोय, जो तो विचारतोय आता काय करायचं, एका काकांनी तर मला "तू आधी का नाही सांगितलंस?" म्हणून झापलं.

मुळात गोष्ट एवढीच की डीएनएसच्या (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) मुळाशी सह्या तपासायला जी किल्ली लागते ती २०१० नंतर पहिल्यांदा बदलायची होती. आधी २०१७ ला बदलणार होते पण काही ठिकाणचे रिझॉल्व्हर (ते पत्ते शोधून देणारे सर्व्हर) तयार दिसेनात म्हणून आयकॅनने (इंटरनेटची नावं-पत्ते सांभाळणारी संस्था) वर्षभर पुढे ढकललं. म्हणजे काळजी घ्यायची म्हणून लोक एक वर्ष थांबले आणि आपल्याकडे त्या काळजीची बातमी 'इंटरनेट बंद' अशी झाली! ११ ऑक्टोबरला किल्ली बदलली, मावशीचे सकाळचे गुड मॉर्निंग फोटो वेळेवर आले. 'काल इंटरनेट बंद पडलं नाही' अशी बातमी मात्र मला कुठे दिसली नाही.

म्युनिकवाली

मी इथे जर्मनीत लोड बॅलन्सरवर (आलेलं ट्रॅफिक अनेक सर्व्हरवर वाटणारी यंत्रणा) काम करते, त्यामुळे पंतांचं दुःख माझं रोजचं आहे. नवीन प्रोटोकॉल लिहिणं सोपं असतं, तो मधल्या डब्यांतून (वाटेतले राउटर, फायरवॉल वगैरे) जिवंत बाहेर काढणं अवघड. एससीटीपी नावाचा चांगला ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल (डेटा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेणारा) २००० साली आला, एका कनेक्शनमध्ये अनेक प्रवाह वगैरे सगळं त्यात होतं. पण घरोघरचे राउटर टीसीपी आणि यूडीपी हे दोन जुने ट्रान्सपोर्ट सोडून तिसरं काही ओळखतच नाहीत, त्यामुळे टेलिकॉमच्या आतल्या जाळ्याबाहेर तो फारसा कुणी पाहिला नाही. म्हणून मग क्विक या नव्या ट्रान्सपोर्टला यूडीपीच्या पाठीवर बसून यावं लागलं.

टीएलएस १.३ (साइटशी बोलणं एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल) ची गंमत तर अजून भारी. ट्रायल घेताना लक्षात आलं की व्हर्जनच्या जागी नवीन नंबर दिसला की काही डबे कनेक्शनच तोडतात. म्हणून २०१८ च्या स्टँडर्डमध्ये असं आहे की जुन्या जागी '१.२' च लिहायचं आणि खरं व्हर्जन पुढे एक्स्टेन्शनमध्ये सांगायचं. लग्न होऊन सासरी आली तरी रेशनकार्डावर माहेरचंच नाव, तसलं आहे हे. प्रगती झाली, पण लपूनछपून.

आणि आमच्या एका क्लायंटने कुठेतरी वाचलं की एचटीटीपी/३ ने (वेबपानं आणायच्या प्रोटोकॉलची क्विकवर चालणारी आवृत्ती) साइट पळते, लगेच चालू करा. केलं. त्यांच्याच ऑफिसात यूडीपी ४४३ (एचटीटीपी/३ ची वाट) बंद, त्यामुळे त्यांच्या सायबाला डेमोमध्ये जुन्या टीसीपीवरूनच साइट दिसली आणि तो खूश, "फरक जाणवतोय" म्हणाला. होमपेजवरचं भलंमोठं बॅनर लहान करा हे मी तीनदा लिहिलेलं तसंच पडून आहे.

आशावादी_अण्णा

रडगाणं पुरे की रे. जरा माझंही ऐका. २०१५ च्या आधी छोट्या साइटला एसएसएल सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवून कनेक्शन सुरक्षित करणारं) घ्यायचं म्हणजे दरवर्षी पैसे भरा, कागद पाठवा, मेलवर खात्री द्या. लेट्स एन्क्रिप्ट ही सर्टिफिकेट देणारी सेवा आली आणि तो सगळा प्रकार एका क्रॉनजॉबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बसला, फुकट. माझ्या तालुक्यातल्या वाचनालयाच्या साइटला पण आता कुलूप दिसतं. आणि आयपीव्ही६ ला (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) सगळे नावं ठेवतात, पण जिओचं फोरजी २०१६ मध्ये आलं तेच आयपीव्ही६ घेऊन, आज भारत त्यात जगात पुढच्या रांगेत आहे. याची बातमी कुणी केली का? नाही. कारण यात काही फुटलं नाही.

भेदक_बग

अण्णा, मोबाइलवर मान्य. माझ्या घरच्या फायबरवर अजून १००.६४ ने सुरू होणारा पत्ता येतो, म्हणजे सगळी गल्ली जुन्या पद्धतीच्या एका आयपीव्ही४ पत्त्यामागे दडपलेली. बाहेरून घरच्या सर्व्हरला पोचायचं तर स्टॅटिक आयपीचे (न बदलणारा स्वतःचा पत्ता) वेगळे पैसे. आयपीव्ही६ चं स्टँडर्ड डिसेंबर १९९८ चं, आयानाकडचे (जगाला पत्ते वाटणारी संस्था) आयपीव्ही४ चे शेवटचे ठोकळे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. कस्टमर केअरला विचारलं आयपीव्ही६ कधी देणार, तर म्हणे "सर तुमचा प्लॅन अपग्रेड करा".

सत्तर_अक्षरं

एसएमएस! आमचं काम पतसंस्था, दूध संघ, शाळा यांना मेसेजिंग जोडून देण्याचं. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा, मराठी ७० चा. जागा तेवढीच, १४० बाइट, पण इंग्रजी सात-सात बिटात भरता येतं आणि देवनागरीला प्रत्येकी दोन बाइट. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजतात. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' एवढ्यातच २९ गेले, अजून नाव नाही, संस्थेचं नाव नाही, आणि चेअरमन साहेबांचं पदासकट नाव तर आलंच पाहिजे. ७० च्या वर गेलं की मेसेज तुटतो, तुकडे जोडायची माहिती पण त्यातच घालावी लागते म्हणून प्रत्येक तुकडा ६७ चा, आणि बिल तुकड्यागणिक. मग क्लायंटच म्हणतो इंग्रजीत पाठवा. दुधाचं फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक), दर असं सगळं रोमन लिपीत जातं आणि शेतकरी ते नातवाकडून वाचून घेतो.

फॉक्सप्रो_फॅन

मी 'प्रगती' बद्दल लिहितो. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत फॉक्सप्रोचं (जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर) पॅकेज होतं, काळी स्क्रीन, माऊस नाही. संध्याकाळी पिग्मी एजंट येऊन यादी टाकायचे आणि काउंटरवरच्या बाई ती भरायच्या. खातेनंबर, एंटर, रक्कम, एंटर. नजर कागदावर, डावं बोट ओळीवर, उजवा हात नंबरपॅडवर, स्क्रीनकडे बघायच्याच नाहीत. चुकीचा नंबर पडला की बीप वाजायचा, तेवढंच वर बघायचं.

मग वेबवालं आलं. खातेनंबर टाकला की सगळ्या खातेदारांची ड्रॉपडाउन उघडणार, ती सर्व्हरवरून येईपर्यंत गोल फिरणार, मग माऊसने नाव निवडा, मग रक्कम, मग सेव्ह, मग 'यशस्वीरीत्या जतन झाले' च्या खिडकीवर ओके. प्रत्येक नोंदीला. बाई संध्याकाळी साताऐवजी साडेआठला निघायला लागल्या. मी बनवणाऱ्यांना भेटून सांगितलं की एंटरने पुढच्या रकान्यात जाऊ द्या आणि ती ओकेची खिडकी काढा, तर म्हणाले, "सर, हे मॉडर्न यूएक्स आहे". यूएक्स म्हणजे म्हणे वापरणाऱ्याचा अनुभव! पास्कल भाषेचा कर्ता निक्लाउस विर्थने १९९५ मध्येच लिहून ठेवलंय की हार्डवेअर जितक्या वेगाने पळतं त्यापेक्षा जास्त वेगाने सॉफ्टवेअर सुस्त होतं, ते या मंडळींना सांगून काय उपयोग. बाईंनी आता तोडगा काढलाय, आधी सगळं एक्सेलमध्ये भरतात आणि एका पोराकडून अपलोड करून घेतात.

नवखा_२३

मी नुकताच लागलोय, त्यामुळे अनुभव कमी. माझा त्रास एकच, 'एआयमुळे प्रोग्रामर संपणार' ची बातमी बाबा रोज पाठवतात आणि मी कामावर दिवसभर २००९ सालच्या कोडमध्ये कॉमेंट शोधत असतो, 'हे काढू नये' एवढीच लिहिलेली, का काढू नये ते नाही.

पंत, एक विचारू का? आमच्या रूमवर बँकेची साइट उघडते, लॉगिन होतं, पण स्टेटमेंट डाउनलोडला टाकलं की नुसतं फिरत राहतं. मोबाइल हॉटस्पॉटवर लगेच होतं. हे तेच का?

पॅकेटपंत

लक्षणं तीच दिसतायत. राउटरच्या पानावर डब्ल्यूएएनमध्ये (बाहेरच्या नेटची सेटिंग) बघा, कनेक्शन पीपीपीओई आहे का आणि एमटीयू (पॅकेटची कमाल साइज) किती लिहिलाय. १५०० असेल तर १४९२ करा. एमएसएस क्लॅम्पिंगचं खोकं दिसलं तर तेही टिक करा. राउटर केबलवाल्याने लॉक केला असेल तर लॅपटॉपच्याच नेटवर्क कार्डाला १४९२ लावून बघा, तेवढ्यावर स्टेटमेंट उतरलं तर केबलवाल्याला फोन करून हाच आकडा सांगा. "नेट स्लो आहे" म्हणू नका, राउटर बंद करून चालू करायला सांगतील.